वंशावळींतील रिकामी जागा

मोरा बंदर हें आमचें मूळ गांव. आतां आमचें बिऱ्हाड, आमची नोकरी आणि आमचीं पुस्तकें हीं सर्व मुंबईस असलीं, तरी वर्षांतून दोन-तीन वेळां भाऊच्या धक्क्यावर लाँच धरून तासाभरांत पलीकडे उतरावें, जुन्या घराचीं दारें उघडावीं आणि एक रात्र तेथें काढावी, हा आमचा नेम अद्याप मोडलेला नाहीं. ह्या प्रवासास निघतांना घड्याळापेक्षां पंचांग जवळ असणें अधिक शहाणपणाचें. मोऱ्याच्या धक्क्याशीं गाळ साचतो. पाणी फार उतरलें कीं लाँच धक्क्याला लागत नाहीं, आणि मग पाणी चढेपर्यंत उतारूनें दगडावर बसून राहावें. आमचे आजोबा हा हिशेब तोंडीं करीत. तिथीची पाऊणपट करावी. जो तास येईल त्या तासाला भरती पूर्ण, आणि त्यापुढें सहा तासांनीं ओहोटी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हें गणित आम्हांस वयाच्या आठव्या वर्षापासून पाठ आहे. असें असूनही गेल्या मार्गशीर्षांतील अमावास्येला मुंबईस परतण्यासाठीं आम्ही दुपारीं चारच्या पुढें धक्क्यावर हजर झालों! पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साडेपांचच्या आगेंमागें समुद्र तळाला जाणार, आणि दिवस उधाणाचा असल्यामुळें नेहमींपेक्षां अधिकच खोल जाणार, हें साऱ्या बंदराला ठाऊक होतें. इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकालाच तेवढें ठाऊक नव्हतें.

बरोबर आमचा धाकटा पुतण्या होता. न्हावा-शेव्याचें बंदर १९८९ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून ह्या भागांतील तरुणांना मिठागर आणि मचवा ह्यांखेरीज आणखी एक धंदा मिळाला आहे. पुतण्या तेथल्याच एका कचेरींत कंटेनरांच्या कागदपत्रांचें काम पाहतो. कागदपत्र म्हणावयाचें तें केवळ संवयीनें. त्यांत कागद औषधालाही नसतो. आदल्या रात्रीं आम्हीं दोघांनीं माळ्यावरची पत्र्याची पेटी खालीं काढली होती, आणि तींत आजोबांच्या हातची वंशावळ सांपडली होती. आजोबा मिठागरावर कारकून होते, अक्षर मोत्यासारखें. एकाखालीं एक चिकटवलेले चार ताव, वर मूळ पुरुषाचें नांव, त्याखालीं रेघा, रेघांखालीं मुलगे, मुलग्यांखालीं पुन्हां मुलगे. एक कोपरा वाळवीनें खाल्ला होता. उरलेला भाग नाहींसा होण्यापूर्वीं तो उतरून घ्यावा असें पुतण्याच्या मनानें घेतलें, आणि सात वाजेपर्यंत लाँच नाहीं असें कळतांच धक्क्यावर एका बाजूला बसून त्यानें आपला लॅपटॉप उघडला.

आम्हांस वाटलें, हा आतां झाडाचें चित्र काढील. त्यानें चित्र काढलें नाहीं. त्यानें एक महिरपी कंस उघडला, अवतरणचिन्हांत ‘नांव’ हा शब्द लिहिला, पुढें अपूर्णविराम दिला, त्यापुढें पुन्हां अवतरणचिन्हांत मूळ पुरुषाचें नांव लिहिलें, आणि स्वल्पविराम देऊन तो पुढच्या गोष्टीकडे वळला. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील विरामचिन्हांचे दोष तांबड्या शाईनें दाखविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. परंतु जवळजवळ नुसत्या विरामचिन्हांनींच उभें राहिलेलें लेखन आम्ही प्रथमच पाहत होतों.

“हें काय आहे?” आम्हीं विचारलें.

“जेसन,” तो म्हणाला. “आमच्या कचेरींत दिवसभर हेंच असतं.”

जेसन हें एका लांबलचक इंग्रजी नांवाचें आद्याक्षरी रूप आहे: जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट नोटेशन. दोन यंत्रांनीं एकमेकांस माहिती धाडतांना ती कोणत्या आकारांत लिहावी, ह्याविषयींचा तो एक ठराव होय. एक यंत्र एका भाषेंत चालतें, दुसरें दुसऱ्या. एक मुंबईत असतें, दुसरें रॉटरडॅममध्यें. दोघांनाही वाचतां येईल, आणि प्रसंगीं मनुष्यालाही वाचतां येईल, असा साधा मजकूर मध्यें असावा, एवढाच ह्या ठरावाचा हेतु. आमच्या जुन्या चिटणिसांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज पडली नसती. हेमाद्रीच्या नांवावर चालत आलेलीं मेस्तकें हीं दुसरें काय आहेत? कोणास कोणता मायना लिहावा, पत्रांत काय कोठें यावें, हें एकदां ठरलें कीं देवगिरीचा कारकून आणि कोंकणांतला कारकून एकमेकांस न पाहतांही एकमेकांचें पत्र बिनचूक वाचूं शकतात.

नियम इतके थोडे आहेत कीं ते सारे एका पोस्टकार्डावर मावतील. आम्हीं पुतण्याच्या मांडीवरून यंत्र ओढून घेतलें आणि मासला म्हणून आमच्या गांवाविषयीं चार ओळी स्वतः लिहून पाहिल्या:

{
"गांव": "मोरा",
"तालुका": "उरण",
"जिल्हा": ["कुलाबा", "रायगड"],
"नवें नांव पडलें": १९८१,
"मुंबईहून लाँच": ट्रू,
"आगगाडी": फॉल्स,
"पहिली लाँच": नल
}

महिरपी कंसांत असते ती एक वस्तु. तिच्या आंत जोड्या: डावीकडे गुणाचें नांव, उजवीकडे त्याचें मूल्य, मध्यें अपूर्णविराम. चौकटी कंसांत असते ती यादी. मूल्य म्हणून काय चालतें? अवतरणांतला मजकूर चालतो, संख्या चालते, ‘खरें’ आणि ‘खोटें’ हे दोन शब्द चालतात, यादी चालते, आणि वस्तूच्या पोटांत दुसरी वस्तुही चालते. त्याखेरीज आणखी एक मूल्य आहे. त्याच्याकडे आम्हांस पुढें सविस्तर वळावयाचें आहे. ओळी मोडाव्या कीं सलग लिहाव्या, मोकळी जागा किती सोडावी, ह्याची यंत्रास पर्वा नाहीं. पर्वा आहे ती चिन्हांची. दोन जोड्यांमध्यें स्वल्पविराम हवाच, पण शेवटच्या जोडीनंतर तो असतां कामा नये. अवतरणचिन्ह दुहेरीच हवें, एकेरी चालत नाहीं. इतका कडक परीक्षक आम्हीं आमच्या विद्यापीठांतही पाहिला नाहीं: एक स्वल्पविराम चुकला तर दहा गुण कापून तो थांबत नाहीं, सबंध उत्तरपत्रिकाच परत करतो.

मराठीचा प्रश्न आम्हीं अर्थातच विचारला. अवतरणांत मराठी खुशाल चालतें. गुणांचीं नांवेंही मराठींत देतां येतात. परंतु उघड्या संख्येचे आंकडे मात्र इंग्रजीच हवेत, आणि खरें-खोटें सांगणारे ते शब्दही रोमन लिपींतल्या लहान अक्षरांतच. वर आम्हीं ते देवनागरींत छापले आहेत ते वाचकांसाठीं. यंत्रापुढें ठेवाल तर तें आमचा १९८१ ओळखणार नाहीं. आगगाडीपुढें ‘फॉल्स’ लिहितांना पुतण्यानें हरकत घेतली होती, कारण उरणपर्यंत रेल्वे १२ जानेवारी २०२४ पासून आली आहे. परंतु ती उरणला आली, मोऱ्याला नव्हे. आणि मोरेकराला हा फरक कोणी शिकवूं नये.

ह्याहून जुन्या पद्धतिही पुतण्याच्या कचेरींत चालतात. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखालीं १९८७ सालीं ठरलेली एडिफॅक्ट नांवाची एक त्यानें दाखविली. जहाजावर कोणता कंटेनर कोठें रचला आहे हें ती सांगते. पण तिच्या ओळी म्हणजे अधिकचीं चिन्हें, अपूर्णविराम आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटीं एक उभा अवतरणबिंदु. त्यांत मूल्यें आहेत, मूल्यांचीं नांवें नाहींत. कितव्या जागीं काय आहे ह्यावरून अर्थ ओळखावयाचा. जेसनमध्यें प्रत्येक मूल्य आपलें नांव बरोबर घेऊन हिंडतें. त्यामुळें मजकूर लांबतो खरा, पण अनोळखी मनुष्यालाही तो वाचतां येतो. १ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या व्यापाऱ्यांचीं बीजकें सरकारदरबारीं नोंदलीं जातात तीं ह्याच रूपांत.

डग्लस क्रॉकफर्ड ह्या अमेरिकन गृहस्थांनीं २००१ सालीं आपले सहकारी चिप मॉर्निंगस्टार ह्यांच्यासह ह्या रूपांतला पहिला संदेश धाडला. ही पद्धति आपण निर्माण केली नाहीं, ती होतीच, आपणांस फक्त सांपडली, असें ते सांगत आले आहेत. हा विनय आम्हांस आवडला. त्या पहिल्या संदेशाची हकीकत तर आमच्यासारख्या इंग्रजीच्या शिक्षकास फारच आवडण्याजोगी आहे. संदेश फसला, आणि तो फसला इंग्रजींतील सर्वांत साध्या क्रियापदामुळें. गुणाचें नांव म्हणून त्यांनीं ‘डू’ हा शब्द वापरला होता, आणि जावास्क्रिप्टनें तो शब्द स्वतःच्या कामासाठीं राखून ठेवलेला होता. राखीव शब्दांची यादी कोण लक्षांत ठेवणार? म्हणून त्यांनीं ठरविलें, गुणाचें प्रत्येक नांव सरसकट अवतरणांतच लिहावें. ‘डू’ ह्या सहाय्यक क्रियापदानें आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना रडविलें आहे. त्यानें यंत्रालाही सोडलें नाहीं हें ऐकून आम्हांस थोडें समाधान वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

एका गोष्टीवर मात्र आमचें आणि क्रॉकफर्डसाहेबांचें पटणार नाहीं. ह्या लेखनांत समास नाहीं. लेखकानें वाचकाच्या कानांत सांगावी अशी टीप मजकुराबाहेर लिहिण्यास ह्यांत जागाच ठेवलेली नाहीं. आरंभीं ती होती. पण लोक त्या टिपांतून यंत्राला गुप्त सूचना देऊं लागले, मग ज्याला त्या समजत त्याचा अर्थ एक आणि ज्याला समजत नसत त्याचा अर्थ दुसरा असा प्रकार होईल म्हणून त्यांनीं ती काढून टाकली. कारण योग्य असेल. पण आजोबांच्या वंशावळींत सर्वांत वाचनीय जें होतें तें समासांतच होतें. ‘हा पुण्यास गेला, पत्र नाहीं.’ ‘ह्याचा वाटा विहिरीसह.’ एके ठिकाणीं नुसतें ‘हट्टी’. पुतण्या म्हणाला, “मग टीप हाच एक गुण करायचा, काका. जें सांगायचं तें उघड सांगायचं.” आणि त्यानें ‘टीप’ अशी एक जोडी प्रत्येकाला देऊन टाकली. पुण्यास गेलेले ते चुलत पणजोबा अशा रीतीनें समासांतून मजकुरांत आले.

वंशावळ ह्या लेखनांत विलक्षण चपखल बसते. मनुष्य ही वस्तु, अपत्यें ही यादी, आणि यादींतलें प्रत्येक अपत्य ही पुन्हां एक वस्तु, जिच्या पोटांत तिच्या अपत्यांची यादी. कंसांत कंस, त्यांत कंस. सात पिढ्या उतरतांना पुतण्याचा मजकूर उजवीकडे सरकत सरकत कडेला टेकला. परंतु मनुष्य ह्या वस्तूला गुण कोणते द्यावयाचे? नांव, जन्म, मृत्यु, अपत्यें, टीप. येथपर्यंत आजोबांचा कागद पुरला. पुतण्यानें त्यांत ‘पत्नी’ हा गुण घातला, आणि तेथें आम्ही दोघेही थांबलों.

कारण आजोबांच्या चार तावांवर एकाही स्त्रीचें नांव नव्हतें. मुलगे होते, त्यांचे मुलगे होते. मुली होत्या त्या यादीच्या शेवटीं, आणि त्याही नांवानें नव्हे, संख्येनें: ‘कन्या २’. आया तर मुळींच नव्हत्या. कागद पाहणाऱ्याला वाटावें, आमच्या घराण्यांत पुरुषांस पुरुषच होत आले. आजोबा दुष्ट नव्हते. आमच्या आजीला विचारल्यावांचून ते मिठाचा खडाही विकत घेत नसत. वंशावळ लिहावयाची ती अशीच, असें त्यांस त्यांच्या आजोबांनीं शिकविलें होतें, इतकेंच.

“इथं काय घालूं?” पुतण्यानें पणजोबांच्या पत्नीपाशीं विचारलें. ती आमची पणजी. तिच्या हातच्या पितळी डब्यांतून आम्ही पोहे खाल्ले आहेत, पण तिचें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें.

“नांव माहीत नसेल तर तो गुणच गाळ,” आम्ही म्हणालों.

“गाळला तर प्रश्नच विचारला नाहीं असं होईल,” तो म्हणाला. “नल घालतों. नल म्हणजे जागा आहे, उत्तर नाहीं.”

वर ज्या शेवटच्या मूल्याचा उल्लेख केला तें हें. नल हें शून्य नव्हे. शून्य ही एक संख्या आहे, आणि ती देणाऱ्याला कांहींतरी मोजल्याचा दावा करावा लागतो. नल म्हणजे रिकामें अवतरणही नव्हे. रिकामें अवतरण म्हणजे नांव आहे पण त्यांत एकही अक्षर नाहीं, असा विचित्र प्रकार होतो. आणि गुण मुळींच न लिहिणें ही तर चौथीच स्थिति. आम्हीं भारतीयांनीं जगाला शून्य दिलें ह्याचा अभिमान शाळेपासून बाळगला आहे. पण ‘नाहीं’ आणि ‘माहीत नाहीं’ ह्यांतील भेद लिहून ठेवण्याचें चिन्ह आमच्या कोणत्या वहींत होतें? आजोबांच्या कागदावर आमच्या पणजीला जागा नव्हती. आतां तिला जागा मिळाली, आणि त्या जागेंत ‘माहीत नाहीं’ असा आमचा कबुलीजबाब बसला.

अशा रीतीनें खालीं येत येत आम्ही आमच्या वडिलांपाशीं आलों. बाबा जाऊन सात वर्षें झालीं. त्यांचे सगळे कागद आमच्याच कपाटांत आहेत, त्यामुळें येथें अडावयाचें कारण नव्हतें. जन्म: १ जून १९४७. अवतरणांत, कारण जेसनला तारीख हा प्रकारच ठाऊक नाहीं. ती मजकूर म्हणूनच लिहावी लागते, आधीं साल, मग महिना, मग दिवस. पुतण्यानें लिहिलें आणि तो सहज म्हणाला, “आमच्या कचेरींतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनलाच येतो.”

येतोच. त्या पिढींतील असंख्य महाराष्ट्रीय १ जूनला जन्मले आहेत. शाळा जूनमध्यें उघडे. मास्तर विचारीत, पोर केवढें. आई हातानें उंची दाखवी. मास्तर अंदाजानें साल धरीत आणि पुढें १ जून लिहून मोकळे होत. ह्या एका शब्दावर पुढें मनुष्याची सारी नोकरी चाले. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, ह्या नियमाप्रमाणें बाबा ३१ मे २००५ रोजीं घरीं बसले. ह्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट त्या तारखेवर त्यांचा एक ठरलेला विनोद असे: “तुम्हांला स्वातंत्र्य फुकट मिळालं. मी अडीच महिने गुलामगिरी भोगली आहे.” दर १५ ऑगस्टला हें वाक्य आमच्या घरांत झालें म्हणजे झालें, त्यानंतरच जिलेबी येई.

पणजीचें नांव कोणास ठाऊक असेल तर तें करंज्यास आमच्या आत्याला, असें पुतण्याच्या ध्यानांत आलें, आणि त्यानें तेथूनच मोबाइल लावला. आत्या बाबांहून नऊ वर्षांनीं वडील. कान थोडे गेले आहेत, स्मरण नव्हे. पणजीचें नांव तिलाही सांगतां आलें नाहीं. “सगळे तिला नागांवकरीण म्हणत,” ती म्हणाली. “तिच्या माहेरावरून. नांव असेल कांहीतरी. कोण घेत होतं?” मग पुतण्यानें, बोलणें लांबवावें म्हणून केवळ, विचारलें, “आणि आत्याआजी, आजोबा १ जूनचेच का?”

“जूनचा कुठला?” आत्या म्हणाली. “रामदास बुडाली तेव्हां तो आईच्या पोटांत होता.”

रामदास ही रेवसला जाणारी बोट १७ जुलै १९४७ रोजीं बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ह्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांची कालगणना त्या दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे अशी चाले. आत्यानें सांगितलें तें आम्ही तिच्याच शब्दांत देतों: “गटारीचा दिवस. बातमी आली तेव्हां आईला सातवा होता, म्हणून तिला कुणी सांगितली नाहीं. पुढं उरणला झेंडा लागला, तर बाबांनीं मला खांद्यावर बसवून नेलं. आईला चालवत नव्हतं, ती घरींच. नारळी पुनवेला तिनं बसूनच नारळ खवला. आणि घट बसायच्या आधीं तो झाला. पितरं चालू होतीं का संपलीं होतीं, तें मात्र सांगतां यायचं नाहीं.”

त्या वर्षीं श्रावण अधिक होता, म्हणून नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अगदीं अखेरीस आली, आणि घटस्थापना ऑक्टोबरच्या मध्यावर. ह्या दोहोंमधले कोणते तरी सहा आठवडे. म्हणजे आमच्या वडिलांनीं गुलामगिरी एक दिवसही भोगली नव्हती. ते स्वतंत्र हिंदुस्थानांत जन्मले, आणि जन्मभर, दर १५ ऑगस्टला, स्वतःस त्या मानाच्या बाहेर ठेवीत आले. कारण कोणा एका मास्तरांना एका खणांत कांहींतरी भरणें भाग होतें. सत्तर वर्षें आत्याला हें ठाऊक होतें. तिला कोणीं विचारलें नव्हतें. बाबांनींही नाहीं, आम्हींही नाहीं. प्रश्नाची जागा एका तारखेनें आधींच भरून टाकली होती.

पुतण्याचें म्हणणें व्यवहाराचें होतें. “कागदावर १ जून आहे, शाळेचा दाखला आहे, मृत्यूच्या दाखल्यावर तेंच आहे. तेंच राहूं द्या. नल घातला तर वाटेल, ह्यांना स्वतःच्या बापाचा जन्म माहीत नाहीं.”

“नाहींच माहीत,” आम्ही म्हणालों.

ह्यावर बराच वाद झाला. साल तरी नक्की आहे, मग नुसतें साल लिहूं, असें आम्हीं सुचविलें. जेसनची त्याला हरकत नव्हती, त्याला अवतरणांतलें कांहींही चालतें. हरकत होती ती पुतण्याच्या स्वतःच्या कार्यक्रमाची, कारण त्यानें तो ‘पूर्ण तारीख किंवा नल’ अशा बेतानें रचला होता. तेव्हां असें ठरलें: ‘जन्म’ ह्यापुढें नल, ‘दप्तरीं जन्मतारीख’ असा एक नवा गुण काढून त्यापुढें १ जून १९४७, आणि ‘टीप’ ह्यापुढें आत्याचें बोलणें, रामदास, झेंडा आणि नारळ ह्यांसकट, जसेंच्या तसें. नवा गुण घातल्यानें बाकीच्या मजकुरास धक्का लागत नाहीं, हें ह्या पद्धतीचें आम्हांस सर्वांत उपयोगी वाटलेलें लक्षण. पणजीलाही तोच न्याय मिळाला: ‘नांव’: नल, ‘हांक’: ‘नागांवकरीण’.

मग पुतण्यानें सारा मजकूर आपल्या कार्यक्रमांतून काढून पडद्यावर मांडला, आणि आमच्या पणजीचा जन्म १ जानेवारी १९७० रोजीं पहाटे साडेपांच वाजतां झाल्याचें आम्हांस कळलें. बाबांचाही त्याच मुहूर्तावर. जन्म ठाऊक नसलेले आमचे यच्चयावत् पूर्वज त्या एका पहाटे एकदम अवतरले होते. आम्ही स्वतः त्याच वर्षीं मे महिन्यांत जन्मलों, तेव्हां आमचे वडील आमच्याहून चार महिन्यांनीं मोठे ठरले. पुतण्या हंसून लोटपोट झाला, मग ओशाळला, आणि त्यानें कारण सांगितलें. यंत्राचा शक ग्रिनिचच्या मध्यरात्रीं, १ जानेवारी १९७० ला सुरू होतो. त्या वेळीं आपल्याकडे साडेपांच वाजतात. तारीख काढणाऱ्या भागाला नल मिळाला, त्यानें तो शून्य समजला, आणि शून्यापासून गणना केली. म्हणजे नल लिहून भागत नाहीं. पुढचा वाचणाराही त्याला नल म्हणूनच वाचणारा हवा. दोष दुरुस्त करण्यास त्याला पांच मिनिटें लागलीं. मास्तरांचा दोष दुरुस्त होण्यास किती लागलीं तें वर आलेंच आहे.

अंधार पडला होता. चिखलावर पाणी चढूं लागलें होतें, आणि धक्क्याच्या पायऱ्यांपाशीं माणसें जमूं लागलीं होतीं. एवढ्यांत आत्याचा उलट फोन आला. तिला नागांवकरणीच्या भावाचें नांव आठवलें होतें, पण खरें कारण तें नव्हतें.

“माझं घातलंत का?” तिनें विचारलें.

आजोबांच्या कागदावर, त्यांच्या स्वतःच्या हातानें, बाबांच्या नांवानंतर, ‘कन्या १’ असें होतें. यादींत क्रमाला अर्थ असतो. वस्तूंतील गुणांना क्रम नसतो, पण यादींतला पहिला तो पहिलाच. पुतण्यानें आत्याचें नांव बाबांच्या वर नेलें, जन्मापुढें काय लिहूं म्हणून तिलाच विचारलें, आणि तिनें तिथीसुद्धां सांगितली. सारें झाल्यावर त्यानें कळ दाबली, तर यंत्रानें सबंध वंशावळ परत केली. कोठें तरी चूक होती. लाँचचे दिवे दिसूं लागले होते. आम्ही दोघेही डोळे ताणून कंस मोजूं लागलों, आणि विरामचिन्हांच्या आमच्या तीस वर्षांच्या सरावाचा अखेर उपयोग झाला. आत्या आणि बाबा ह्यांच्यामधला स्वल्पविराम राहिला होता.